वाचकांचे प्रश्न : किरायाच्या घराचा हिशेब

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक असून माझे वय ६२ आहे. निवृत्तीच्या रकमेतले १८ लाख रुपये हाती आहेत. तालुक्याच्या गावी एका ले-आउटमध्ये दोन बिऱ्हाडांचे तयार घर तेवढ्यातच मिळत असून प्रत्येक बिऱ्हाडाचा ३,५०० रुपये किराया येईल, असे विकणारा सांगतो. कापसाचा पैसा वर्षातून एकदा दिसतो, किराया दर महिन्याला दिसेल. घर घ्यावे काय?

उत्तर : ७,००० रुपयांना बारा महिन्यांनी गुणू नका, अकरांनी गुणा. तालुक्याच्या गावी किरायदार म्हणजे बहुधा बँकेचे, शाळेचे किंवा वीज कंपनीचे कर्मचारी. त्यांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात आणि नवे बिऱ्हाड येईपर्यंत खोल्यांना कुलूप राहते. उरलेल्या ७७,००० रुपयांतून घरटॅक्स, रंगकाम, मोटरची दुरुस्ती मिळून ९,००० रुपये काढले, तर हाती ६८,००० रुपये राहतात, म्हणजे १८ लाखांवर पावणेचार टक्के. आणि यात खरेदीखताचा खर्च धरलेलाच नाही. टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि ते व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होते. जागेचा भाव वाढतो हे खरे, परंतु तो विकल्यावरच हाती येतो, आणि लहान गावातल्या ले-आउटमध्ये गिऱ्हाईक मिळायला वर्षे जातात. सगळी रक्कम एका घरात अडकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावात किंवा तालुक्याला आपला रिकामा प्लॉट असेल, तर त्यावर दोन खोल्या बांधणे कितीतरी स्वस्त पडेल.

तरीही घ्यायचेच ठरले, तर ले-आउट मंजूर आणि जागा अकृषक असल्याची कागदपत्रे आधी तपासा, आणि घर पाहायला मे महिन्यात, दुपारी तीन वाजता जा. वरच्या मजल्यावर टिन असेल तर त्या खोलीत पाच मिनिटे उभे राहणेही कठीण जाते; किरायदार कुलर लावतो, कुलर पाण्याची बादलीमागून बादली पितो, आणि सकाळी भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत कोरडी पडते. मग भांडण किरायावरून होत नाही, पाण्यावरून होते. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी टाकी आणि वेगळे वीज मीटर हवे. एकाच मीटरवर दोन चुली चालल्या, की दोघांची युनिटे एकत्र मोजली जातात, पहिल्या १०० युनिटांच्या स्वस्त दराची मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि बिल कोणी किती भरायचे याचा न्याय घरमालकाला दर महिन्याला करावा लागतो.

प्रश्न : माझ्या दिरांच्या ओळखीच्या गृहस्थांना आम्ही हिंगणघाटातील दोन खोल्या तोंडी बोलीवर दिल्या. चार महिन्यांपासून किराया नाही. आज देतो, उद्या देतो एवढेच ऐकायला मिळते. लाइन कापली तर निघतील, असे शेजारी सांगतात. काय करावे?

उत्तर : ताई, लाइन कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार किरायदाराचे पाणी-वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा बंद करण्यास मनाई आहे, म्हणजे ज्याने चार महिने बुडवले तोच उद्या आपल्याविरुद्ध तक्रारदार होईल. आपली खरी अडचण वेगळी आहे. याच कायद्याचे कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे सांगते व तो करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते. करार नसेल तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, मानले जाते. ओळखीच्या माणसाकडून कागद मागायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो, पण हिशेब अडतो तो याच संकोचात.

दिरांना सोबत घेऊन एकदा बसा. थकबाकी किती, ती किती हप्त्यांत आणि खोल्या कोणत्या तारखेला रिकाम्या, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. ऐकले नाही तर वकिलामार्फत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. यापुढचा प्रत्येक किराया बँकेतूनच घ्या.

पुढच्या किरायदाराशी मात्र अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, करा. नगरपरिषद हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये असून एवढ्या लहान किरायाला मुद्रांक शुल्क फारच थोडे, एकूण किरायाच्या पाव टक्क्याच्या आसपास, लागते. राहण्याच्या जागेची मुदत संपूनही कोणी ताबा सोडला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मधल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार शक्यतो जुलैपासून सुरू करा, म्हणजे तो मेअखेर संपेल आणि जूनमध्ये बदलीवर येणाऱ्यांना आपल्या खोल्या दाखवता येतील.