करेलिनची उचल आणि सिडनीतील एक गुण

प्रश्न : ग्रीको-रोमन कुस्तीचा विषय निघाला की रशियाचा मल्ल अलेक्सांद्र करेलिन याचे नाव हमखास येते. त्याच्या ‘उलट्या उचली’चा प्रतिस्पर्ध्यांनी एवढा धसका का घेतला होता?

उत्तर : या शैलीत कमरेखाली पकड करण्यास मनाई असते. पट काढता (म्हणजे पाय धरून पाडता) येत नाही आणि पायाचा वापर करून समोरच्याला पाडताही येत नाही, त्यामुळे छाती, खांदे, दंड आणि कंबर यांच्या बळावरच सारी कुस्ती चालते. एखादा मल्ल निष्क्रिय राहिला, तर पंच त्याला गादीवर पालथा घालून प्रतिस्पर्ध्याला वरून पकड घेण्याची संधी देतात. करेलिनची कमाल याच स्थितीत दिसे. पालथ्या मल्लाच्या पायांकडे तोंड करून तो त्याच्या कमरेभोवती दोन्ही हातांची कडी घाली, त्याला गादीवरून उपटून छातीशी घेई आणि स्वतः मागे झुकत उलटा फेकून देई. खालचा मल्ल पोट गादीला चिकटवून, कंबर पकडीपासून दूर सरकवत सरपटत राही, कारण एकदा गुडघे हवेत गेले की त्याच्या हाती काही उरत नसे.

हा डाव करेलिनने शोधून काढलेला नाही; हलक्या वजनाचे मल्ल तो पूर्वीपासून मारत असत. मात्र 130 किलोपर्यंतच्या गटात, म्हणजे जवळजवळ स्वतःएवढ्याच वजनाच्या आणि जीव तोडून विरोध करणाऱ्या माणसावर तो इतक्या सातत्याने चालेल, असे कोणाला वाटले नव्हते. फेक उंच आणि पूर्ण असेल, तर त्या काळच्या नियमांनुसार एका झटक्यात पाच गुण मिळत. 1988च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत बल्गेरियाच्या गेरोव्स्कीविरुद्ध वेळ संपत आलेली असताना करेलिन पिछाडीवर होता आणि याच डावाने त्याने सुवर्णपदक खेचून आणले. तेव्हा तो 21 वर्षांचा होता.

प्रश्न : तेरा वर्षे आंतरराष्ट्रीय लढतीत न हरलेला हा मल्ल 2000 साली सिडनीत रूलन गार्डनरकडून कसा हरला? तो निव्वळ नियमाचा बळी होता, असे म्हणतात ते खरे का?

उत्तर : अर्धेच खरे. पहिल्या तीन मिनिटांत कोणालाही गुण मिळाला नाही, तर लढतीचा दुसरा टप्पा दोघांनी छातीला छाती भिडवून, हातांची कडी घालूनच सुरू करायचा आणि ज्याची कडी आधी सुटेल त्याच्या विरोधात एक गुण द्यायचा, असा नियम त्या वेळी होता. करेलिनचे हात क्षणभर सुटले. पंचांनी चित्रफीत पाहून गुण अमेरिकेच्या गार्डनरला दिला. जिंकण्यासाठी आवश्यक असलेले तीन गुण कोणाकडेच नसल्याने लढत जादा वेळेत गेली, तरीही करेलिनला तो एक गुण फेडता आला नाही.

नियम दोघांना सारखाच होता, हे मात्र विसरता कामा नये. शिवाय 1996 साली अटलांटात मॅट गफारीविरुद्धची अंतिम लढत खुद्द करेलिननेही एकाच गुणाने जिंकली होती. अर्थात त्याआधी काही महिनेच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, हेही सांगायला हवे. गार्डनरचे खरे श्रेय त्या एका गुणात नाही. 1997च्या जागतिक स्पर्धेत करेलिनने त्याला उचलून उचलून आपटले होते आणि 5-0 असे हरवले होते. तोच गार्डनर सिडनीत पालथा पडला असताना हलला नाही. 33 वर्षांच्या करेलिनला त्याची कंबर गादीपासून सुटी करता आली नाही, आणि उचलच बसली नाही म्हटल्यावर लढत अशा एखाद्या फुटकळ गुणावर ठरणे ओघानेच आले. अखेरच्या काही सेकंदांत तर करेलिनने प्रयत्नच सोडून दिला होता. तीच त्याची शेवटची आंतरराष्ट्रीय लढत.

प्रश्न : क्युबाच्या मिहाइन लोपेझने पाच ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. मग करेलिनला सर्वश्रेष्ठ कसे म्हणायचे?

उत्तर : ऑलिंपिकपुरते पाहिले तर लोपेझला तोड नाही. 2008 ते 2024 या काळातील सलग पाच ऑलिंपिकमध्ये एकाच वैयक्तिक प्रकारात सुवर्ण जिंकणारा तो पहिला खेळाडू आहे आणि पॅरिसमधील पाचवे सुवर्ण त्याने वयाच्या 41व्या वर्षी मिळवले. पण मधल्या वर्षांत त्याला हरवणारे होते; तुर्कस्तानच्या रझा कायाल्पने 2011 आणि 2015 च्या जागतिक स्पर्धांत त्याला अंतिम फेरीत नमवले. लोपेझची जागतिक विजेतेपदे पाच, तर करेलिनची नऊ. करेलिनची तीन ऑलिंपिक सुवर्णे सोव्हिएत संघ, संयुक्त संघ (1992चा माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्र संघ) आणि रशिया अशा तीन निरनिराळ्या संघांकडून आलेली आहेत, म्हणजे भोवतालचा देश मोडत असताना त्याची कुस्ती मोडली नाही. चार वर्षांतून एकदा शिखर गाठण्यापेक्षा दरवर्षी तिथेच टिकून राहणे मला अधिक अवघड वाटते, म्हणून माझे मत करेलिनला.