उपसूर्योत्सव म्हणावं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत 21 डिसेंबर ते 5 जानेवारी रोज काहीतरी कार्यक्रम असतो. 'इयर एंड पार्टी' हे नाव ज्येष्ठांना खटकतं, 'नाताळ' म्हटलं की आणखी कोणी रुसतं. माझ्या मुलीने 'उपसूर्योत्सव' असा शब्द तयार केला आहे. त्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, असं ती म्हणते. हे खरं आहे का? जवळ असते, तर थंडी कशी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कन्येला माझ्याकडून शाबासकी द्या. पृथ्वी 2 ते 5 जानेवारीच्या दरम्यान उपसूर्य बिंदूशी, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ येते. तेव्हा अंतर असतं सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाख. फरक 50 लाखांचा, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन टक्के. थंडी ठरते ती पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. 21 डिसेंबरला भर दुपारी बारा-साडेबाराला गच्चीवर जाऊन बघा, पुण्यात सूर्य क्षितिजापासून फक्त 48 अंश वर दिसेल. मे महिन्याच्या मध्यावर तोच डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते.

तुमच्या तारखाही झकास जुळल्या आहेत. सुरुवात उत्तरायणाला (सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस), शेवट उपसूर्याशी. हा योग कायमचा मात्र नाही. इ.स. 1246 च्या सुमारास, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या थोडं आधी, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत. उपसूर्य हळूहळू पुढे सरकतो, साधारण 58 वर्षांत एक दिवस. तेव्हा हा उत्सव दर पिढीला थोडा लांबवावा लागेल. वर्गणीचं तुम्ही बघा!

आता माझा आगाऊपणा. या दिवसांना आपल्याकडे खगोलावरूनच पडलेलं नाव आधीपासून आहे : धनुर्मास, घरगुती बोलीत धुंधुरमास. सूर्य धनु राशीत असतो तो काळ, साधारण 16 डिसेंबर ते संक्रांत. उत्तरायण आणि उपसूर्य, दोन्ही त्याच्या पोटात. गंमत म्हणजे उपसूर्याचा पुरावाही त्यातच आहे. जवळ आलेली पृथ्वी जोरात धावते (सेकंदाला सुमारे 30.3 किलोमीटर, जुलैत 29.3), त्यामुळे धनु राशी सूर्य साडेएकोणतीस दिवसांच्या आतच ओलांडतो. मिथुनेला त्याला जवळजवळ साडेएकतीस लागतात. चांद्रमासापेक्षा सौरमास असा तोकडा पडतो, म्हणूनच क्षयमास (पंचांगातून गळणारा चांद्रमास) आला तर तो थंडीच्या महिन्यांतच येतो. पंचांग करणाऱ्यांना हे गणित पाठ होतं.

तरीही मुलीचा शब्द टाकू नका. 'धुंधुरमास' म्हटलं की नव्या पिढीला ते देवळातलं काहीतरी वाटतं. 'उपसूर्य' ऐकून निदान कोणीतरी विचारेल तरी. फलकावर मोठ्या अक्षरांत 'उपसूर्योत्सव' लिहा आणि न्याहारी धुंधुरमासाची ठेवा : मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, लेकुरवाळी भाजी. अट एकच, ही न्याहारी सूर्योदयाला होते, आणि त्या दिवसांत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. इतक्या उशिरापर्यंत तर आपल्याकडचे आजोबा तळजाई टेकडीवर एक फेरी मारून आलेले असतात. तेव्हा ज्येष्ठांकडून हरकत येणार नाही. स्वयंपाकाला पहाटे पाचला उठणार कोण, हे मात्र समितीच्या बैठकीत आधीच ठरवून घ्या.