घर-सल्ला : फ्लॅटमध्ये गावाकडचे स्वयंपाकघर

प्रश्न : बडोद्यातील आमच्या वन बीएचके फ्लॅटचे स्वयंपाकघर जेमतेम आठ बाय सहा फुटांचे आहे. कोकणातल्या आजोळी होते तसे दगडी ओटा, लाकडी फडताळ आणि पितळी डबे असलेले रूप त्याला द्यावे, अशी इच्छा आहे. सजावटकाराने विटांचे चित्र असलेले लॅमिनेट आणि गुजरातेतील संखेडा गावच्या रंगीत लाखकामाची कपाटे सुचवली आहेत. आमच्याजवळ सत्तर हजारांहून अधिक रक्कम नाही. काय करावे? – एक वाचक, रावपुरा

उत्तर : विटांच्या चित्राचा विचार आधी सोडावा; खोटी वीट फोडणीच्या तेलाने चिकट झाली की ती गावाकडचीही दिसत नाही आणि शहरातलीही. सिंक आहे तिथेच ठेवावे, कारण सांडपाण्याची नळी हलवण्याचा खर्च मोठा असतो आणि खालच्या घरात गळती होण्याची भीती वेगळीच.

दगडी ओटा म्हटले की कडप्पा किंवा कोटा डोळ्यांसमोर येतो. दोन्ही स्वस्त आहेत, परंतु दोन्ही चुनखडीचे दगड असल्यामुळे लिंबू, चिंच वा कोकम सांडून राहिले की त्यांवर पांढरट डाग पडतात, आणि आजोळ कोकणात असलेल्या घरात सोलकढी तर होणारच. म्हणून वरच्या फळीला चकाकी नसलेला काळा ग्रॅनाइट घ्यावा आणि कडप्पा ओट्याखालच्या कप्प्यांसाठी वापरावा. प्लायवूडच्या कपाटांपेक्षा हे कप्पे बरेच स्वस्त पडतात, त्यांना ना वाळवी लागते ना पाण्याने फुगण्याची धास्ती असते. पुढे दारांऐवजी जाड सुती पडदा लावला तरी चालतो. ओट्याची उंची मात्र स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून सुमारे चार इंच खाली धरावी.

फडताळासाठी नवे सागवान परवडणार नाही. जुनी घरे पाडताना निघालेल्या दारा-चौकटींचे लाकूड पोखरलेले नाही ना हे ठोकून पाहून घ्यावे आणि सुताराकडून एकच उभे फडताळ करवावे. सिंकजवळ प्लायवूड लागलेच, तर त्यावर आयएस ७१० हा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहावा.

संखेड्याचे काम देखणे खरे, पण लाख उष्णतेने मऊ पडते; तेव्हा शेगडीजवळ ते नकोच. फार हौस असेल तर बाहेरच्या खोलीत एखादा चौरंग ठेवावा. उघड्या मांडणीवर रोज हाताळली जाणारी भांडी तेवढी ठेवावीत, एरवी तेलकट धुळीचा थर बसतो; एक्झॉस्ट फॅनवर म्हणूनच कंजुषी करू नये. पितळी डब्यांत कोरडे जिन्नस निर्धास्त ठेवावेत, मात्र आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नयेत.

पाइपलाइनचा गॅस असल्यास त्याची नळी आणि वॉल्व्ह फडताळामागे झाकले जाणार नाहीत, अशी जागा सुताराला आधीच खुणा करून दाखवावी.