हद्दीपलीकडचं रान

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन कामांपैकी कोणतं घ्यावं, असं विचारलं आहेस. एक राष्ट्रीय उद्यानातलं. दुसरं एका छोट्या संस्थेतलं, जी जमीनमालकांशी बोलून त्यांच्याच मालकीचं रान राखायचा प्रयत्न करते. या दुसऱ्या कामाबद्दल तू लिहिलंस, 'तिथे आज मालकाच्या मनात आहे म्हणून झाडं उभी आहेत. उद्या त्याचं मन फिरलं की सगळं संपलं.' ही भीती खरी आहे. पण ती तू फक्त खासगी जमिनीपुरती ठेवलीस, म्हणून हे लांबलचक पत्र.

सरकारचंही मन फिरतं. अमेरिकेत बेअर्स इअर्स हे राष्ट्रीय स्मारक (म्हणजे तिथला राखीव जमिनीचा एक प्रकार) २०१६ च्या डिसेंबरात जाहीर झालं, सुमारे साडेतेरा लाख एकरांचं. वर्षभरातच पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीने त्यातला जवळजवळ ८५ टक्के भाग वगळला गेला आणि २०२१ मध्ये आणखी एका सहीने तो परत आला. या सगळ्या काळात जमीन सरकारचीच होती. ओमानमधलं अरबी ऑरिक्स या लांब शिंगांच्या हरणासारख्या प्राण्याचं अभयारण्य तर जागतिक वारशाच्या यादीत होतं. सरकारने त्याचं क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा २००७ साली युनेस्कोने ते यादीतून काढलं. असं काढलं गेलेलं ते पहिलंच ठिकाण. १९९६ साली तिथे साडेचारशे ऑरिक्स होते. शिकारीने आणि अधिवास खालावल्याने ६५ उरले होते.

म्हणून कोणत्याही राखीव क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी त्याचे कागद वाच. हे वचन कुणी दिलंय, किती काळासाठी, आणि ते मोडायला किती सह्या लागतात? पक्ष्यांची यादी त्यानंतर.

आता खासगी जमिनीकडे ये. ब्रिटनमधला नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जमिनी आणि वास्तू राखणारी बिनसरकारी संस्था, १८९५ साली स्थापन झाला. १९०७ च्या कायद्याने त्याला आपली जमीन 'अहस्तांतरणीय' जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अशी जमीन ट्रस्टला स्वतःलाही विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. अमेरिकेत वेगळी सोय आहे: जमीन मालकाचीच राहते, पण तिथे बांधकाम करण्याचा किंवा तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तो कराराने कायमचा सोडतो. करार जमिनीला बांधलेला असतो, त्यामुळे ती विकली तरी नव्या मालकाला तो पाळावा लागतो. न्यूझीलंडमध्ये असे कायमचे करार करणारी संस्था १९७७ पासून आहे. भारताच्या वन्यजीव कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने सरकारी जमिनीसाठी संवर्धन राखीव आणि खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी समुदाय राखीव, असे दोन प्रकार आले. 'खासगी म्हणजे कच्चं' हे समीकरण तेवढं डोक्यातून काढून टाक.

पण कागद पक्का असला म्हणजे रान टिकतं, असंही समजू नकोस. इंग्लंडमधल्या विकन फेन या पाणथळीचं उदाहरण मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येकाला सांगते. नॅशनल ट्रस्टने १८९९ साली तिथे पहिले दोन एकर घेतले आणि पुढे तुकडे जोडत नेले. कागदात कुठेच खोट नव्हती. पण भोवतालच्या शेतांमधलं पाणी चर खणून काढलेलं होतं. तिथली माती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. तिच्यातलं पाणी गेलं की ती आक्रसते, हवा लागून झिजते आणि खाली बसते. शेतं खचत गेली आणि राखलेला तुकडा टेबलासारखा वर राहिला. त्यातलं पाणी कडेने झिरपून जाऊ नये म्हणून बांधांना अस्तर घालायची वेळ आली. शिवाय तिथलं करवती पात्यांचं उंच गवत लोक शेकडो वर्षं छपरांसाठी कापत आले होते. ती कापणी थांबली तशी झुडपं माजली. जी माणसं त्या जागेचा 'उपयोग' करत होती, तीच नकळत तिला मोकळी ठेवत होती! तिथलं स्वॅलोटेल फुलपाखरू १९५० च्या दशकात नाहीसं झालं. ते पुन्हा आणून सोडलं, तरी टिकलं नाही. शेवटी १९९९ साली ट्रस्टने १०० वर्षांचा बेत आखला: आजूबाजूची शेतजमीन हळूहळू घेत किंवा तिच्या मालकांशी करार करत ५३ चौरस किलोमीटरपर्यंत पसरायचं. शंभर वर्षं हद्दीच्या आत लक्ष घातल्यावर त्यांना हद्दीबाहेर जावं लागलं.

सरकारी उद्यानांचंही तेच. १९८७ साली विल्यम न्यूमार्क या जीवशास्त्रज्ञाने पश्चिम उत्तर अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं तपासली. उद्यान जितकं लहान, तितक्या सस्तन प्राण्यांच्या जास्त जाती तिथून नाहीशा झालेल्या दिसल्या. त्या कुणी हद्दीत शिरून मारल्या असं नव्हे. एवढ्याशा जागेत त्या तगूच शकत नव्हत्या. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि शेजारचं साबी सँड हे खासगी क्षेत्र यांच्यामधलं कुंपण १९९३ साली काढलं, तेव्हा उद्यानाच्या रानात एका दिवसात भर पडली, आणि ती जमीन सरकारने विकत घेतलेली नव्हती.

कुंपणावरून आठवलं. एकदा एका मालकाच्या हद्दीवर मी गुडघे टेकून बसले होते. सगळ्यात खालच्या काटेरी तारेला केसांचा पुंजका अडकला होता, मुळाशी पांढरा, टोकाला तांबूस. थोडं पुढे आणखी एक, मग आणखी. मालक म्हणाले, 'वर्षानुवर्षं बघतोय, मला वाटलं गुरांचे आहेत.' मी त्यांना तारेखालची माती दाखवली. सरपटून सरपटून तिथे गुळगुळीत खोबण पडली होती. काही जनावरं कुंपणावरून उडी मारतच नाहीत, खालूनच जातात. उत्तर अमेरिकेतलं प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर तसलंच. त्याच्यासाठी खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून निदान ४० सेंटिमीटर वर ठेवतात. आम्हीही तसंच केलं. दोन माणसांचं चार दिवसांचं काम. ते मालक आधी करारावर बोलायलाच तयार नव्हते. त्या चार दिवसांनंतर त्यांनी स्वतःहून विचारलं, 'माझ्यानंतर हे असंच राहील, याची काही सोय आहे का?'

हा प्रश्न मालकाच्या तोंडून यायला हवा. तोवर पिशवीतला कागद बाहेर काढू नकोस. पहिल्या भेटीत झऱ्याबद्दल विचार. पूर कुठवर आला होता, कोणतं झाड कुणी लावलं, ते विचार. माणसं आपल्या जमिनीबद्दल भरभरून बोलतात, कारण तसं कुणी विचारलेलंच नसतं.

आणि वारसांना पहिल्याच दिवशी बोलावून घे. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. एका वृद्ध मालकाने आनंदाने सही केली आणि मी मुलांना न भेटताच परतले. ते गेल्यावर मुलांना वाटलं, म्हाताऱ्याला फसवून कागद करून घेतला. पाच वर्षं भांडण चाललं, आणि तेवढ्यात ओढ्याकाठची जुनी झाडं गेली. करार कायद्याने टिकला, पण ज्याच्यासाठी केला ते राहिलं नाही. तेव्हापासून ज्याला ती जमीन मिळणार, तो समोर बसल्याशिवाय मी सही घेत नाही. करारानंतर दरवर्षी एक फेरी ठेवते, फोटो त्याच खुणेवरून काढते, आणि त्या फेरीचा खर्च आधीच बाजूला टाकते. पुढची फेरी मारणारं कुणी नसेल, तर करार न केलेला बरा.

२०२२ च्या डिसेंबरात जगातल्या देशांनी ठरवलं, २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. २०२४ मध्ये जमिनीचा आकडा १७.६ टक्क्यांवर होता. उरलेल्यातली पुष्कळशी जमीन कुणाच्या ना कुणाच्या नावावर आहे, किंवा एखादा समाज पिढ्यान् पिढ्या तिच्यावर राहतो आहे. ती नकाशावर रंगवणं सोपं आहे, आणि त्या घाईत त्या माणसांना न विचारता रेषा ओढल्या जातील याची मला फार काळजी वाटते. त्यांच्या दारात जाऊन बसणारी माणसं खूप कमी आहेत.

म्हणून माझं मत सरळ सांगते: छोट्या संस्थेत जा. निदान तीन वर्षं. उद्यानातलं काम नंतरही मिळेल, आणि तेव्हा हद्दीपलीकडच्या घरांमधली माणसं तुला नावाने ओळखत असतील.

पहिल्या फेरीला जाताना मोजपट्टी बरोबर ठेव. कुंपणाची खालची तार जमिनीपासून किती वर आहे, ते ठिकठिकाणी मोज, आणि तारेला केस दिसले तर कागदात गुंडाळून मला पाठव.

तुझ्या पत्राची वाट बघते.