रुळांशेजारून सायकल

प्रश्न : लॉस एंजेलिसमध्ये शहरी हलक्या रेल्वेच्या बाजूने सायकलमार्ग आहे, असे वाचले. टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत तसा होऊ शकेल का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तिथली एक्स्पो मार्गिका २०१६ मध्ये सांता मोनिकापर्यंत पोहोचली, तेव्हा तिच्या बऱ्याच भागालगत सायकलमार्गही बांधला गेला, परंतु आपल्या रुळांवरून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात, त्यामुळे इथे अंतर अधिक राखावे लागेल, भक्कम कुंपण लागेल आणि रेल्वेची परवानगीही. खरी कसोटी फाटकांपाशी आहे. रूळ तिरके ओलांडताना चाक खाचेत अडकते, पावसाळ्यात तर घसरतेही. म्हणून मार्ग असा वळवावा की सायकल जवळजवळ काटकोनातच रूळ ओलांडेल. शाळकरी मुलांसाठी तरी ही मागणी आपण महानगरपालिकेकडे जरूर लावून धरावी.