राजीनामा लिहिण्याआधी

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून अहिल्यानगर जिल्ह्यातील एका पतसंस्थेत नोकरी करतो. जन्माने ख्रिस्ती असलो, तरी कित्येक वर्षे नाताळाखेरीज चर्चची पायरी चढलो नव्हतो. वडील वारल्यानंतर शास्त्र वाचू लागलो आणि एका उज्जीवन सभेत, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या सभेत, प्रभूकडे वळलो. आता नोकरी सोडून पूर्णवेळ धर्मसेवेत जावे असे तीव्रतेने वाटते. पत्नी घाबरली आहे, पाळकसाहेब थांबायला सांगतात आणि प्रार्थनागटातील मित्र या दोघांच्या विरोधाला सैतानाची अडवणूक म्हणतात. थांबलो, तर तो आज्ञाभंग होईल का?

प्रिय बंधू,

नाही, होणार नाही. तुमचे प्रभूकडे वळणे खरे आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु देवाकडे वळणे आणि सेवेसाठी पाचारण होणे या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिलीचा आनंद इतका मोठा असतो, की त्या भरात दुसरीही झालीच असे वाटू लागते. लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात भुतांपासून मुक्त झालेला माणूस येशूबरोबर जाऊ देण्याची विनंती करतो, तेव्हा येशू त्याला घरी परत पाठवतो आणि देवाने त्याच्यासाठी केलेली मोठी कार्ये तिथेच सांगायला लावतो. हीदेखील सेवाच होती. प्रेषित पौलानेही करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू शिवत सुवार्ता सांगितली.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. मात्र त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, अशी साक्ष त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या, कारण विधवा आणि मुलींसाठीचे त्यांचे शारदा सदन १८८९ मध्येच सुरू झाले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली आणि विधवा त्यांनी आणल्या आणि केडगावच्या त्यांच्या आश्रमाच्या, म्हणजे मुक्ती मिशनच्या, कामाला मोठे रूप आले. समोर उभ्या राहिलेल्या गरजेने त्यांच्या पाचारणाला आकार दिला, आणि त्या गरजेला उत्तर देण्याची तयारी त्या आधीच्या कामातून, कदाचित नकळत, करत आल्या होत्या.

मित्रांचे म्हणणे मात्र मला अजिबात मान्य नाही. घरखर्च कसा चालेल, मुलांच्या फीचे काय, असे पत्नी विचारते, त्यात सैतान शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय सोसावे लागले, हे मराठी वाचकांना लक्ष्मीबाईंच्याच ‘स्मृतिचित्रे’मधून ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, आणि तोही स्वतःच्या विश्वासाने. तुमच्या पत्नीलाही तिचा वेळ द्या.

आता पाचारणाची पारख. बायबलमधील लहान शमुवेलाला देवाची हाक आली, तरी ती कोणाची हे वृद्ध याजक एलीने सांगेपर्यंत त्याला कळले नव्हते. आतून आलेली हाक मंडळीने, म्हणजे चर्चच्या समुदायाने, ओळखावी लागते, ती यासाठीच. म्हणून वर्षभर नोकरी सांभाळून पाळकसाहेबांकडे असे काम मागा, ज्यात व्यासपीठ नाही : आजाऱ्यांच्या भेटी, संडे स्कूल, दुःखात असलेल्या घरी जाऊन बसणे. सभेच्या रात्रीचा उत्साह ओसरल्यावरही हे काम सोडवेनासे वाटले आणि मंडळीतील माणसे आपणहून तुम्हाला बोलावू लागली, तर तुमच्या ओढीला खरा आधार मिळेल. दरम्यान अभ्यासही करता येईल. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटचे बाह्य अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांनाही घेता येतात. पतसंस्थेत कर्ज फेडता न आल्याने मान खाली घालून समोर बसणाऱ्या माणसाशी तुम्ही कसे बोलता, तेही या वर्षात पाहा.

पाळकसाहेबांनी ‘थांबा’ म्हटले आहे, ते कशासाठी आणि कुठवर, हे मात्र त्यांना स्पष्ट विचारा, आणि त्या भेटीला पत्नीलाही सोबत न्या.