विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात इंटर्नशिप सुरू होतेय. स्वभाव बुजरा आहे, जमेल का? तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यापासून गोवा विद्यापीठात जनसंपर्काची इंटर्नशिप सुरू होतेय, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पुढे इंग्रजी माध्यम, लिहायला आवडतं, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. आणि कुणीतरी सांगितलंय की हे बोलघेवड्यांचं काम आहे.

ते तसं नाही. मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होते, नंतर एका शिक्षणसंस्थेचा जनसंपर्क सांभाळला, आता दरवर्षी तुमच्यासारखी मुलं हाताखाली येतात. त्यांच्यात जी नीट विचारतात, ऐकून घेतात आणि लिहिण्याआधी खात्री करतात, ती टिकतात. गोड बोलणाऱ्यांचं सुरुवातीला कौतुक होतं, पण एक चुकीची बातमी गेली की त्यांचा फोन कुणी उचलत नाही. तुम्ही बुजरे आहात म्हणून मागे राहाल असं मला मुळीच वाटत नाही.

या धंद्याची सुरुवातच तशी आहे. 1906 साली अमेरिकेत जनसंपर्काच्या सुरुवातीच्या जाणकारांपैकी एक, आयव्ही ली यांनी कोळसा खाणींच्या संपाच्या वेळी संपादकांना एक निवेदन धाडलं होतं. आमचं काम उघड आहे, माहिती वेळेवर आणि अचूक देऊ, तपासायला मदत करू, असा त्याचा आशय. पुढे ते स्वतः नेहमीच त्याला जागले असं नाही, पण कसोटी तीच राहिली. विद्यापीठाच्या बाबतीत तर ती जास्तच कडक लावायला हवी, कारण विद्यापीठ काही विकत नाही. तिथून निघालेल्या कागदावर पोरांचं वर्ष अवलंबून असतं.

रुजू झाल्यावर पहिले काही दिवस टेबलाला चिकटून बसू नका. विद्यापीठ आहे त्या ताळगावच्या पठारावर सगळीकडे फिरा. चित्रकार-वास्तुकार सतीश गुजराल यांनी आखलेला तो परिसर पहिल्यांदा चकवतो, म्हणून कुठल्या विभागात कुठून शिरायचं ते पायांना माहीत होऊ द्या. कुलपती म्हणजे राज्यपाल, रोजचा कारभार कुलगुरूंचा, प्रशासनाची सही कुलसचिवांची, निकाल आणि वेळापत्रक परीक्षा नियंत्रकांकडे, एवढं तोंडपाठ हवं. पण त्याहून कामाची माणसं म्हणजे विभागातले लिपिक आणि शिपाई. सभागृहाची किल्ली कुणाकडे, पाहुणे खरंच आले की नाही, परिपत्रक सही होऊन बाहेर पडलं की अजून फाईलमध्येच आहे, हे तेच सांगतात. त्यांना नावाने हाक मारा, चहाला सोबत बसा.

थोडा इतिहासही वाचून ठेवा, तो फोनवर लागतो. विद्यापीठ 1985 चं. त्याआधी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि पणजीत त्याच विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. एखादे काका फोन करून विचारतात, 'बाय, माझ्या बीएच्या सर्टिफिकेटची दुसरी प्रत मिळेल का?' तेव्हा आधी त्यांचं पदवीचं वर्ष विचारायचं. सत्तरच्या दशकातलं असेल, तर त्यांना ताळगावला हेलपाटा घालायला लावू नका, मुंबईला अर्ज करायला सांगा. जनसंपर्काचं अर्धं काम हेच असतं, आणि ते पेपरात कधी छापून येत नाही.

आता प्रेस नोट, कारण तुमचा जास्त वेळ तिथे जाईल. विभागातून येणारा मजकूर बहुतेक असा असतो: 'विद्यापीठाच्या वतीने एकदिवसीय कार्यशाळेचे आयोजन करण्यात आले होते. मान्यवरांच्या हस्ते समई प्रज्वलित करून उद्घाटन करण्यात आले. व्यासपीठावर...' आणि मग सात नावं. डेस्कवर असताना असे कागद रोज गठ्ठ्याने यायचे. वरून तीन ओळी वाचायच्या, बातमी सापडली नाही तर बाजूला. आभार कुणी मानले ते शेवटच्या ओळीत असायचंच, पण वक्ता काय बोलला ते कुठेच नसायचं.

समजा ती कार्यशाळा खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या शेतीवर होती. वक्त्याने तासभर सांगितलं की बांध फुटून खारं पाणी आत आलं तर साधं भात तग धरत नाही, म्हणून कोरगुटसारखं खारटपणा सोसणारं वाण जपायला हवं. दिवाडी-चोडण बेटांवरच्या माणसाला वाचायचंय ते हे. तेव्हा हीच पहिली ओळ. ती कोण बोललं, कुठे बोललं, हे दुसऱ्या ओळीत. उद्घाटन एका वाक्यात, नावं शेवटी. विभागप्रमुख कदाचित म्हणतील, 'माझं नाव खाली का?' त्यांना शांतपणे सांगा की नाव वर ठेवलं तर बातमीच येणार नाही, आणि बातमी आली तर नावही येईल.

ही पहिली ओळ मिळवायची कशी? व्याख्यान संपल्यावर वक्त्याभोवतीची फोटोची गर्दी ओसरू द्या, मग वही घेऊन जा आणि एकच प्रश्न विचारा: 'सर, आजच्या बोलण्यातलं शेतकऱ्याने नक्की ऐकावं असं काय?' ते बोलतील ते लिहून घ्या आणि तिथेच त्यांना वाचून दाखवा. पाच मिनिटं जातात, पण संशोधकाला पेपरवाल्यांची जी भीती असते ती तिथेच निम्मी जाते. 'वाण जपायला हवं' आणि 'हेच वाण सगळीकडे लावा' यांत त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो पाळलात, तर पुढच्या वेळी ते स्वतः तुम्हाला फोन करतील.

भाषेची काळजी सोडा. गोव्यात एक बातमी इंग्रजी, मराठी आणि कोकणी अशा तिन्ही पेपरांत जाते. 'गोमन्तक', 'नवप्रभा', 'तरुण भारत', 'भांगरभूंय', 'नवहिंद टाइम्स', 'हेराल्ड', प्रत्येकाचा वाचक वेगळा. बऱ्याच ठिकाणी नोट इंग्रजीत लिहितात आणि मराठी प्रत कशीबशी उतरवून धाडतात, ती वाचताना दात दुखतात. तुम्ही मराठी नोट मुळापासून मराठीत लिहा. कोकणी प्रत सवयीने कोकणी लिहिणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, घरी बोलतो म्हणून लिहिता येतंच असं नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणि वर्ड फाईलमध्ये धाडा, पीडीएफमधली मराठी उचलताना जोडाक्षरं फुटतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो छापण्यालायक राहत नाही. आणि दुपार टळायच्या आत पाठवा. संध्याकाळी सातला आलेली कार्यशाळा कुणी लावत नाही.

नावांची मात्र धास्ती बाळगा. आपल्याकडे एकच आडनाव रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहितात: एका नाईकांचं स्पेलिंग 'के'ने संपतं, दुसऱ्यांचं 'क्यूयूई'ने. देसाईंत कुणाकडे एक 'एस', कुणाकडे दोन. कामतांचीही तीच गत. अंदाज करू नका, ज्याचं नाव त्यालाच लिहायला लावा. फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे ते फोटो काढतानाच टिपा, दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

तुमची खरी परीक्षा जुलैत एखाद्या सकाळी होईल. रात्रभर पाऊस, रस्त्यांवर पाणी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजची परीक्षा पुढे ढकलली' असं विद्यापीठाच्या चिन्हासकट परिपत्रक फिरतंय. पेडण्याहून, काणकोणहून मुलं विचारतायत की कदंब बस पकडू की नको. अशा वेळी 'बहुतेक खोटं असेल' हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख बघा, परीक्षा विभागाला फोन लावा, वरिष्ठांना सांगा, आणि त्यांनी हो म्हटल्यावर एकच मजकूर वेळ घालून सगळीकडे टाका. बातमीदाराचा फोन आला तर 'मी विचारून सांगते, तुम्हाला किती वाजेपर्यंत हवं?' एवढं म्हणा आणि त्या वेळेच्या आत उलट फोन कराच, उत्तर मिळालेलं नसलं तरी. इंटर्नने संस्थेच्या वतीने मत द्यायचं नसतं, पण दिलेली वेळ पाळणं तुमच्या हातात आहे.

विद्यार्थ्यांचे गुण, फोन नंबर, तक्रारी यांतलं काही बाहेर जाता कामा नये, मग विचारणारा ओळखीचा असला तरी. त्या याद्या चॅटजीपीटीतही टाकू नका. मुलांचे फोटो वापरण्याआधी त्यांना विचारा.

रुजू होण्याआधी विभागाकडून लेखी पत्र घ्या: कालावधी, वेळ, मानधन आहे की नाही, आणि काम कुणाच्या हाताखाली. मानधनाचं विचारायला लाजू नका, डिचोली किंवा सांगेहून रोज यायचं तर बसभाडंही हिशेबात येतं. छापून आलेल्या प्रत्येक बातमीचं कात्रण तुमच्या मूळ नोटसोबत जोडून एका फाईलमध्ये ठेवा, म्हणजे डेस्कने काय कापलं ते दिसत राहील. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नुसतं 'समाधानकारक' न लिहिता केलेल्या कामाचं वर्णन लिहून मागा. ती फाईल आणि ते वर्णन पुढच्या मुलाखतीला सोबत न्या.

पहिली नोट लिहून झाली की नावं काढून इथे टाका, मी वाचून सांगेन.